गाडीखालचा डाग

रात्रभर दारात उभी असलेली गाडी सकाळी निघून जाते, तेव्हा तिच्यामागे जमिनीवर काय उरतं, याकडे आपण सहसा पाहत नाही. कधी धुळीत रुपयाएवढा काळपट डाग असतो. कुणी दाखवला, तर आपण म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, थोडंफार तेल गळायचंच!’ आज मी त्या डागाविषयी बोलणार आहे. त्यातही जो डाग मागच्या दोन चाकांच्या मधोमध पडतो, किंवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला दिसतो, त्याविषयी. ते तेल असतं डिफरन्शियलचं. शहरातल्या सपाट रस्त्यावर ते गळालं तर खर्च वाढतो. आमच्या घाटात गळालं तर त्याचा संबंध माणसांच्या जिवाशी येतो.

कवितेच्या माणसाला या विषयात काय कळतं, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. माझी पदवी बी. ए. ची. पण माझे मामू, म्हणजे आईचे भाऊ, गॅरेजवाले होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या हाताखाली पाने द्यायला, टॉर्च धरायला मी बसत असे. पुढे मी कवितेकडे वळलो, तरी गाडीखाली वाकून पाहायची सवय काही गेली नाही.

आमचा सुरगाणा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेला टेकलेला तालुका. एका बाजूला डांग, सापुतारा. दुसऱ्या बाजूला धरमपूरचा मुलूख. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी बहुतेक वस्ती, आणि ती डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून विखुरलेली. केमच्या डोंगराच्या परिसरातून गिरणा पूर्वेकडे जाते, आणि नार-पारसारख्या नद्या पश्चिमेला गुजरातेत उतरतात. अशा भूमीत सरळ आणि सपाट रस्ता तो किती असणार? उतार, चढ, नागमोडी वळणं, आणि प्रत्येक ओढ्यावर एक फरशी. पावसाळ्यात त्या फरशीवरून पाणी वाहतं. नागली-वरईचं पोतं, बाजाराला निघालेल्या बाया, बोरगाव-घाटमाथ्याकडच्या स्ट्रॉबेरीची खोकी, शाळेचे मास्तर, आजारी माणूस, सगळ्यांना वाहून नेते ती जीप.

ही जीपही आमच्या भागाला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीनं जी गाडी बनवली, तिच्या पुढच्या पिढीची जुळणी १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुरू केली. पुढे नाशिकलाही त्यांचा कारखाना आला. २००० साली आलेली बोलेरो तर नाशिकचीच लेक. कमांडर, मार्शल, मॅक्स, बोलेरो अशी नावं बदलत गेली, काळी-पिवळी जाऊन पांढरी आली. पण गाडीच्या पोटाखाली मागे एक लोखंडी गोळा लोंबत असतो, तो काही बदलला नाही. त्याच्यातच डिफरन्शियल असतं. फोर बाय फोर गाडी असेल, तर तसाच दुसरा गोळा पुढच्या चाकांमध्येही असतो.

तो कशासाठी? गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचं चाक थोडं अंतर चालतं आणि बाहेरच्या बाजूचं जास्त. बैल घाण्याभोवती फिरतो, तेव्हा आतला बैल जागच्या जागी आणि बाहेरचा धावत असतो, तसंच हे. घाटातल्या एका पूर्ण वळणाचा, म्हणजे गाडी ज्या दिशेनं आली त्याच्या उलट तोंड करते अशा वळणाचा हिशेब करून पाहा. दोन चाकांतलं अंतर साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर धरलं, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेचार मीटर जास्त चालतं. म्हणजे चाकाचे तब्बल दोन फेरे जास्त. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत गेलं असतं. टायर घासले असते, नाही तर दांडा तुटला असता. दोन्ही चाकांना ताकद तर द्यायची, पण वेगवेगळ्या वेगानं फिरण्याची मुभाही ठेवायची, हे काम डिफरन्शियल करतं. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्यूर नावाच्या एका घड्याळजीनं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं होतं. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मायचीच होती.

इंजिनाची ताकद लांब दांड्यातून, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमधून मागे येते आणि या गोळ्यात काटकोनात वळून चाकांकडे जाते. दांड्याच्या टोकाला असतं पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक. ते मोठ्या दातेरी चाकाला, क्राऊनला फिरवतं. पिनियन साधारण चार-पाच वेळा फिरतं, तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. या दोघांचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबून घसरतात. दोन दात्यांमध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. हे तेल इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळं, जाड, मधासारखं. आमच्याकडे ‘नव्वद नंबर’ म्हणून मागतात. प्रचंड दाबातही पापुद्रा टिकावा म्हणून त्यात गंधकाची द्रव्यं मिसळलेली असतात. त्यामुळे त्याला एक उग्र, सडक्या अंड्याकडे झुकणारा वास येतो. हा वास लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जीपच्या या गोळ्यात तेल असतं ते फार तर दीड-दोन लिटरच्या घरात. इंजिनात तेल कमी झालं, तर समोर लाल दिवा लागतो. डिफरन्शियलला दिवा नाही, काटा नाही, घंटा नाही. ते कमी झाल्याचं सांगणारी खूण एकच, आणि ती म्हणजे जमिनीवरचा तो डाग. तो पाहिला नाही, तर पुढची खूण ऐकू येते. आधी मागून बारीक गुणगुण, मग घरघर. घरघर ऐकू येते तोवर दाते आणि बेअरिंग खराब झालेले असतात. सीलचा खर्च शेकड्यांत असतो. क्राऊन-पिनियनचा हजारांत जातो.

आता हे तेल बाहेर येतं कुठून? गोळा लोखंडी आणि बंद. पण त्याच्या तीन टोकांतून फिरते दांडे बाहेर पडतात. पुढच्या तोंडातून पिनियनचा, आणि दोन बाजूंनी चाकांकडे जाणारे दोन. जिथे फिरता दांडा बाहेर येतो, तिथे भोक आलंच. ते बंद करायला ऑईल सील बसवलेलं असतं. सील म्हणजे बाहेरून पत्र्याचं कडं आणि आत रबराचा ओठ. ओठाच्या मागे बारीक स्प्रिंगची अंगठी, ती ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. रबर उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, त्याला चिरा जातात. आमच्याकडे दुसराही एक शत्रू आहे. चिखलाबरोबर आलेली कचकच ओठाखाली शिरते आणि दांड्यावर कानशीसारखी घासत राहते. काही वर्षांनी दांड्यावर नखाला जाणवेल अशी खाच पडते. मग नवं सील बसवलं तरी त्याचा ओठ त्या खाचेत नीट टेकत नाही, आणि गळती महिनाभरात परत येते.

सीलशिवाय आणखीही जागा आहेत. गोळ्याच्या झाकणाचं पॅकिंग, तेल काढायच्या आणि भरायच्या बुचांचे वॉशर, आणि दगडावर आपटून गोळ्याला गेलेली बारीक चीर. कधी दोष गाडीत नसतो, माणसाच्या हातात असतो. ‘थोडं जास्त टाका’ म्हणून कुणी तेल प्रमाणाबाहेर भरलेलं असतं. ते जास्तीचं तेल वाट काढणारच.

आपल्या भाषेत पाणी-तेलाच्या गळण्याला फार नेमके शब्द आहेत. पाझरणं, ठिबकणं आणि धार लागणं. मला वाटतं, गाडीच्या बाबतीतही हीच तीन मापं पुरेशी आहेत. गोळ्यावर ओलसर थर दिसतो, त्याला धूळ चिकटली आहे, पण खाली थेंब पडत नाही, तो पाझर. तो लक्षात ठेवायचा, पुसून ठेवायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचा. जमिनीवर थेंब पडतो, रोज सकाळी नवा डाग दिसतो, ते ठिबकणं. त्याचं काम त्याच आठवड्यात करून घ्यायचं, आणि तोवर तेलाची पातळी पाहत राहायची. आणि धार लागली, तर गाडी जिथे असेल तिथे थांबवायची. या नियमाला एकच अपवाद, तो मात्र मोठा आहे. तेल चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं, तर ते पाझरत असो की ठिबकत असो, गाडी घाटात न्यायची नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी डाग कशाचा आहे ते ओळखू या. गाडीखाली रात्री पुठ्ठा अंथरून ठेवा. पुठ्ठा नसेल, तर आजचा हा पेपर वाचून झाल्यावर तोही चालेल! सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. इंजिनाखाली काळं तेल पडलं, तर ते इंजिनाचं. मागे मधोमध जाडसर, तपकिरी आणि तो उग्र वास असलेलं, तर डिफरन्शियलचं. चाकापाशी ओल असेल, तर शंका दोन. एक्सलचं तेल किंवा ब्रेकचं ऑईल. त्याची सोपी परीक्षा आहे. वाटीत पाणी घेऊन त्यात एक थेंब टाका. नेहमीच्या गाड्यांतलं ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. गिअरचं तेल तरंगतं. ब्रेक ऑईल निघालं, तरी गाडी हलवायची नाहीच, हे वेगळं सांगायला नको.

डाग गोळ्याचा ठरला, तरी गळतीची जागा लगेच कळत नाही, कारण धावत्या गाडीचा वारा तेल मागे पसरवतो. म्हणून गोळा रॉकेलनं किंवा डिझेलनं ब्रशनं स्वच्छ धुवायचा, कोरडा पुसायचा आणि त्यावर अंगाला लावायची साधी पांढरी पावडर शिंपडायची. मग गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणायची. पावडरीवर तेलाची पहिली वाट जिथून सुरू होते, ती गळतीची जागा. पिनियनच्या सीलची गळती असेल, तर आणखी एक खूण दिसते. फिरत्या दांड्यानं उडवलेले शिंतोडे वरच्या पत्र्यावर ओळीनं उमटलेले असतात. गाडीखाली शिरताना मात्र नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोड्या लावा, चाकांना दगड लावा, आणि जागा सपाट निवडा. आमच्याकडे घरंच उतारावर, त्यामुळे गाडी कलती उभी राहते आणि तेल एका टोकाला जमा होतं. सपाटीवर न गळणारं सील अशा वेळी गळतं. म्हणून डाग दिसला की गाडी कशी उभी होती, तेही आठवा.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच वेळा राहून जाते. एखाद्या गाडीचं सील बदललं, महिन्यानं परत गळलं, परत बदललं, असं तीन-तीनदा होतं. गाडीवाला सील बनवणाऱ्याला शिव्या देतो. माझे मामू अशा वेळी मला म्हणायचे, ‘सील को गाली मत दे बेटा, पहले उसकी नाक देख.’ नाक म्हणजे ब्रीदर. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक टोपी किंवा छोटी नळी असते, तिच्यातून आतली हवा बाहेर-आत होते. चिखलानं किंवा तेलकट धुळीनं ती बुजते, आणि बाहेरून ते कुणाला दिसतही नाही.

ती बुजली तर काय होतं? सकाळी गोळ्यातली हवा पंचवीस अंशांवर आहे असं धरा. घाट चढून गेल्यावर ती ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर जाते. हवा तापली की फुगते. फुगायला जागा नसेल, तर तिचा दाब वाढतो, या हिशेबात सुमारे एक पंचमांशानं. कुकरची शिटी चोंदली तर वाफ रबराच्या कडेतून निघायला पाहते, तसंच इथे तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकललं जातं. सील तेल अडवायला असतं, दाब अडवायला नव्हे. तेव्हा नाक बुजलेलं ठेवून सील बदलत राहणं म्हणजे पाण्याची टाकी भरून वाहत असताना नळ बंद न करता फरशी पुसत बसणं. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवावा, त्यातून फुंकर जाते का पाहावं. काम पाच-दहा मिनिटांचं आहे.

आणि दाबाची ही गोष्ट उलटीही घडते. आमच्या भागासाठी तीच महत्त्वाची. घाट उतरून तापलेली जीप थेट फरशीवरच्या थंड पाण्यात शिरते. गोळा एकदम गार होतो, आतली हवा आक्रसते आणि ती बाहेरून काही तरी ओढून घेऊ पाहते. ब्रीदर मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल, तर ती हवा ओढते. तो बुजलेला असेल, तर सीलच्या ओठातून पाणी आत शिरतं. आणि तो मोकळा असून पाण्याखाली गेला, तर पाणी त्याच्यातूनच जातं. थोडक्यात, तेल ज्या वाटेनं बाहेर येतं, त्याच वाटेनं पाणी आत जातं. गळती म्हणजे नुसतं तेल जाणं नाही, हे लक्षात घ्या. तेल कमी झालं तर भरता येतं. पाणी शिरलं तर तेल दुधाच्या चहासारखं पांढुरकं होतं, त्याचा पापुद्रा टिकत नाही, आणि गाडी उभी राहिली की बेअरिंगला आतून गंज चढतो. म्हणून पावसाळ्यात एक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली, की दुसऱ्या दिवशी बूच उघडून तेलाचा रंग पाहायला हवा. पांढुरकं दिसलं, तर ते सगळं काढून नवं भरायचं. आडवाटेला जाणारे जाणकार ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक वर, बोनेटच्या किंवा बॉडीच्या उंचीला नेऊन ठेवतात. स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. फरशीवरून पाणी जोरात वाहत असेल, तर कोणत्याही नळीच्या भरवशावर गाडी घालू नये, हेही इथे सांगून ठेवतो.

आता चाकाच्या आतल्या ओलीविषयी. एक्सलच्या टोकाचं सील गेलं, की तेल सरळ ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर तेलानं भिजतात. ब्रेक लागतो तो लायनर आणि ड्रम यांच्या घासण्यामुळे. त्या दोघांत तेल आलं, तर घासणार काय? एका बाजूचं चाक धरतं, दुसरं धरत नाही, आणि गाडी ओढली जाते. उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती २०१४ साली. त्याच्या बऱ्याच आधीची, पावसाळ्यातली एक संध्याकाळ मला आठवते. एका अवघडलेल्या बाईला नाशिकला न्यायला सांगितलं होतं. पाड्यावरचीच जीप ठरवलेली. मागे ती बाई, तिची सासू, आणखी दोघं. हवा भरायला म्हणून गाडी मामूंकडे थांबली. मी टॉर्च धरून होतो. मामूंनी डाव्या चाकाच्या आतून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता गाडीची किल्ली काढून घेतली. ड्रायव्हर घायकुतीला आला. ‘चाचा, थोडंसंच गळतंय. चढ तर आहे सगळा.’ मामू म्हणाले, ‘चढायला जाईल रे बाबा. उतरायला लागलास की थांबणार कशी?’ त्यांनी मला स्टँडवर पळवलं. दुसरी जीप मिळायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती सासू मामूंकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी विसरलो नाही. तिच्या दृष्टीनं हा माणूस वाट अडवून बसला होता. बाई दुसऱ्या जीपनं गेली, सुखरूप बाळंत झाली. रात्री मामूंनी ड्रम उघडला, तेव्हा दोन्ही लायनर तेलानं चिंब होते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला त्यांनी ते नुसते हातात दिले. ड्रायव्हर बराच वेळ ते हातात धरून उभा होता.

भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं, आणि घाटात ब्रेक तापला की ते पुन्हा वर येतं. लायनर नवे घालावेत, आणि एका चाकाचे नाही, त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे. म्हणजे दोन्ही बाजूंची पकड सारखी राहते.

दुरुस्ती गॅरेजवाल्यानंच करायची, पण त्याला काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक असावं. पिनियनचं सील बदलण्याआधी पिनियनचा तोंडाकडचा भाग हातानं हलवून पाहायला सांगा. तो खालीवर हलत असेल, तर दोष बेअरिंगचा आहे. नुसतं नवं सील टिकणार नाही. दांड्यावर खाच आहे का पाहायला सांगा. बऱ्याच गाड्यांत पिनियनच्या नटाची घट्टाई बेअरिंगवरचा ताण ठरवते. तो नट वाटेल तसा आवळून चालत नाही. जाणता कारागीर खोलण्याआधी खुणा करून ठेवतो किंवा कंपनीच्या पुस्तकातल्या मापानं आवळतो. आणि निघण्याआधी विचारा, ‘ब्रीदर साफ केला का?’

तेल पाहणं, बदलणं यातही एक युक्ती आहे. गोळ्याला दोन बुचं असतात, खालचं तेल काढायचं आणि बाजूचं भरायचं. नेहमी आधी भरायचं बूच सैल होतं का ते पाहावं. खालून सगळं तेल काढून टाकलं आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं, तर गाडी तिथेच अडकते. पातळी पाहताना गाडी सपाटीवर हवी. बहुतेक जीपमध्ये तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला लागेल इतकं असावं. त्यापेक्षा जास्त नको. थोडं चालवून आल्यावर तेल कोमट असतं, तेव्हा ते नीट निथळतं. काढलेल्या तेलात बोट बुडवून चोळा. चंदेरी बारीक भुकटी थोडीफार असणारच. टोचणारे कपचे हाताला लागले, तर दाते तुटायला लागले आहेत. नवं तेल कोणतं, ते गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४, जीएल-५ अशा खुणांनी दिलेलं असतं. गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं तेल एकच, असं धरून चालू नये.

आडरानात गळती लागली तर? गोळ्याला बारीक चीर असेल, तर ती जागा कोरडी, तेलविरहित करून एम-सीलसारखा लांबी लावण्याचा उपाय गावापर्यंत पोचवतो. साबणाची वडी चिरेत घासण्याचा जुना उपायही थोडा वेळ टिकतो. तेल वर भरत, सावकाश, थांबून-थांबून पाहत गाडी न्यावी. पण हे सगळे घरी पोचण्याचे उपाय आहेत, दुरुस्ती नव्हे. पूर्वी जुन्या गाड्या विकताना घरघर ऐकू येऊ नये म्हणून डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालणारे महाभाग असत. सील फुगवून गळती थांबवणारी द्रव्यंही मिळतात. डाग दिसेनासा झाला म्हणजे दोष गेला, असं नसतं.

अलीकडे कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या, फुगीर चाकांच्या एटीव्ही गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या ज्या फोर बाय फोर आहेत, त्यांनाही डिफरन्शियल असतं, फक्त छोटं. काहींच्या पुढच्या गोळ्यात पाव लिटरच्या आसपासच तेल मावतं. जीपमधून शंभर मिलिलिटर तेल गेलं तर ती तगते; इथे तेवढ्यात जवळजवळ निम्मं संपतं. त्यात खारं पाणी आणि वाळू. अशा गाडीला पाझर म्हणजेच ठिबक समजावी.

जाता जाता गळलेल्या आणि काढलेल्या तेलाविषयी. आमच्या ओढ्याचं पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीला, कुणाच्या भातखाचराला जातं. वापरलेलं तेल ओढ्यात, गटारात ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून ते घराच्या खांबांना फासायची आपल्याकडे रीत आहे. पण त्यात धातूची भुकटी आणि गंधकाची द्रव्यं असतात. मुलं, गुरं त्याच खांबांना घासतात. तेल डब्यात बंद करून गॅरेजमध्ये द्यावं. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडे गेलं पाहिजे, असा नियम आहे. हाताला लागलं तर साबणानं धुवावं.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवण्यासारखं थोडंच आहे. डाग दिसला की जागा आणि वास पाहा. सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा. पाण्यातून गेल्यावर तेलाचा रंग बघा. आणि चाकाच्या आत ओल असेल, तर घाट उतरू नका. ज्यांची स्वतःची गाडी नाही, त्यांनाही माझं सांगणं आहे. भाड्याच्या जीपमध्ये चढण्याआधी एकदा मागच्या चाकाच्या आत नजर टाका. ओल दिसली, तर ड्रायव्हरदादाला सांगा. तो कदाचित चिडेल. तरी सांगा.